डेक टाकू का ताई? गच्ची, पडवी आणि बाहेरच्या भिंतींबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात मी सहज लिहिलं होतं की पावसाळ्याआधी गच्चीवरचं पाणी जातं त्या तोंडावरची जाळी साफ करून घ्या, तर पत्रांचा ढीग आला आणि त्यातली निम्मी जाळीबद्दल नाहीतच, सगळ्यांना गच्चीवर काय टाकू आणि भिंतीला काय लावू हेच विचारायचंय. साधी गच्ची आता कुणाला आवडत नाही, लाकडी डेक पाहिजे, वर दिव्यांच्या माळा पाहिजेत. पाहिजे तर पाहिजे, माझी हरकत नाही. काही प्रश्न निवडलेत, नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी देते.

प्रश्न (बाणेर, पुणे): नवव्या मजल्यावर 220 स्क्वेअर फुटांची उघडी टेरेस आहे, खाली आठव्या मजल्यावरच्यांची बेडरूम. बायकोला खऱ्या लाकडाचा डेक हवाय, मला डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकची पट्टी) बरं वाटतं, आई म्हणते सरळ दगडी फरशी घाला. इंटेरिअरवाला म्हणतो दोन दिवसांत डेक टाकून देतो. काय करू?

उत्तर: दोन दिवसांत टाकून देतो म्हणणाऱ्याला आधी एवढंच विचारा की बाबा, डेकखालचं पाणी कुठून जाणार आणि जाळी तुंबली तर मी हात कुठून घालायचा. गप्प बसला तर चहा पाजून परत पाठवा.

माझ्याच घरची गोष्ट सांगते, लाज वाटते पण सांगते. मी साईटवर लोकांना अक्कल शिकवत फिरते आणि आमच्या स्वतःच्या टेरेसवर मात्र दिवाळीआधी घाईघाईत डब्ल्यूपीसीचा डेक टाकून घेतला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अगदी गच्च, दिसायला काय छान. तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या काकूंच्या सीलिंगला आधी बशीएवढा डाग आला, मग परातीएवढा. डेक उचकटला तेव्हा खाली काय निघालं ऐका, बोटभर जाडीचा काळा चिखल, जाळीवर पानांचा लगदा, त्यात कपड्यांचे दोन चिमटे आणि पतंगाचा मांजा गुंडाळलेला, आणि कोब्याच्या फटीतून वीतभर पिंपळाचं रोप, उजेड न मिळाल्यामुळे पांढुरकं पडलेलं. वरच्या पट्ट्यांना काही म्हणजे काही झालं नव्हतं. डेकवाल्याने सांगाडा पक्का बसावा म्हणून थेट कोब्यात स्क्रू मारले होते, मोजले तर बेचाळीस. वॉटरप्रूफिंगला बेचाळीस भोकं, आणि ती मी स्वतः उभी राहून मारून घेतली. काकूंच्या सीलिंगचा खर्च आम्हीच दिला हे सांगायला नको.

तेव्हा तुम्ही आधी पाणी भरून बघा. जाळीला बोळा लावायचा, दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर खडूने रेघ मारायची आणि तीन दिवस ठेवायचं, रोज खालच्यांकडे जाऊन सीलिंग बघायचं (जाताना काहीतरी खाऊ न्या, रिकाम्या हाताने रोज जाणं बरं दिसत नाही). मग पाणी सोडून द्यायचं आणि कुठे डबकं साचतं ते बघायचं. ढाळ साधारण 100 ला 1 हवा, म्हणजे 10 फुटाला सव्वा इंच, त्याहून कमी असला की पाणी रेंगाळतं. हे जमत नसेल तर आधी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा, नीट करून घ्या, भिंत आणि गच्ची मिळते त्या कडेचा गोला नीट वळवून घ्या, त्याच्यानंतर डेकची गोष्ट. सांगाडा कोब्यात ठोकायचा नाही, खाली रबराच्या गाद्या किंवा उंची कमी-जास्त करता येते ते पेडेस्टल ठेवायचे आणि त्यावर तो नुसता बसवायचा. जाळीच्या डोक्यावर दीड बाय दीड फुटाचा तुकडा हाताने उचलता येईल असा ठेवायचा. सुतार याला हमखास नाही म्हणतो कारण लाईन तुटते. तुटू दे.

आता मटेरिअल. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून काढलेली पट्टी. वाळवी लागत नाही, पॉलिश लागत नाही हे खरं, पण कायम नव्यासारखं राहतं हे खरं नाही. आतून पोकळ आणि भरीव असे दोन प्रकार येतात, पोकळवालं स्वस्त, पण उघडं टोक झाकलं नाही तर त्यात पाणी जातं, मुंग्या घर करतात आणि खुर्चीचा पाय जोरात आपटला तर वरचा पापुद्रा फुटतो. घ्यायचंच तर भरीव, आणि वरून प्लास्टिकचं वेगळं आवरण चढवलेलं मिळतं ते घ्या, त्यावर चहाचे डाग कमी बसतात. दुसरं, यात प्लास्टिक आहे त्यामुळे उन्हाने ते लांबीला वाढतं, 8 फुटी पट्टी हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा मे महिन्यातल्या दुपारी चारेक मिलिमीटर तरी जास्त भरते, आणि टोकाला जागा सोडली नसेल तर पट्टी जाणार कुठे, ती कमान करून वर उठते. खऱ्या लाकडाचं उलट असतं, ते लांबीला वाढत नाही, ओलीने रुंदीला फुगतं, म्हणून त्याच्या दोन पट्ट्यांमध्ये फट जास्त लागते. एकाच सुताराला दोन्ही सारखंच वाटतं, तिथे घोळ होतो.

खरं लाकूड पाहिजे असेल तर साग आहेच, पण गाभ्याचा बघून घ्या, कडेचं पांढरट लाकूड वाळवी आनंदाने खाते. हल्ली थर्मोवूड मिळतं, पाईन किंवा ॲशचं लाकूड वाफेत 180 ते 215 अंशांपर्यंत तापवलेलं असतं, त्यामुळे ते पाणी कमी पितं, फक्त जरा ठिसूळ होतं, स्क्रू मारायच्या आधी भोक पाडून घ्यावं लागतं. कुठलंही लाकूड घ्या, वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, तेलाचा हात द्यावा लागेल. नाही दिला तर उन्हाने ते राखाडी होतं, सडतं असं नाही, नुसता रंग जातो. वहिनींना तो राखाडी रंग चालणार असेल तर लाकूड घ्या, नाहीतर दरवर्षी मे महिन्यात कुंचा घेऊन तुम्हीच बसणार आहात.

आईंचा दगड टिकायला सगळ्यात चांगला पण वजन बघा. 20 मिलिमीटर जाडीचा दगड चौरस मीटरला 54 किलो आणि खाली दोन इंच सिमेंट-वाळूचा मसाला धरला तर अजून 100 किलो. गच्चीवर माणसं वावरतील म्हणून चौरस मीटरला साधारण दीडशे किलोच धरलेले असतात, तेवढं सगळं तुम्ही फरशीतच संपवलंत. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

मी तुमच्या जागी असते तर 220 च्या 220 फुटांवर डेक टाकलाच नसता. खुर्च्या मांडता त्या कोपऱ्यात सत्तर-ऐंशी फूट डेक, आणि जाळीकडची बाजू आहे ती टाइल तशीच उघडी. पैसे वाचतात, आणि त्या उरलेल्या पैशातून खऱ्या लाकडाचं बजेट बसतं, म्हणजे बायकोचंही ऐकलं असं होतं.

प्रश्न (गुहागरजवळ): चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर बांधून झालंय, बाहेरून प्लास्टर अजून केलं नाही. वडील म्हणतात चिरा असाच उघडा ठेवा. मुंबईचा भाऊ म्हणतो पुढच्या भिंतीला नॅचरल स्टोनचं क्लॅडिंग करू, म्हणजे वरून दगडाचं आवरण चढवू, समुद्र अगदी जवळ आहे. पडवीत काय घालावं तेही सांगा.

उत्तर: अहो पुण्या-मुंबईचे लोक विटांच्या भिंतीवर जांभ्याचे पातळ तुकडे चिकटवून घेतायत, कोकणातल्यासारखं दिसावं म्हणून, आणि तुमच्याकडे अख्खी भिंत जांभ्याची आहे तर त्यावर बाहेरचा दगड चिकटवायचा! मी वडिलांच्या बाजूने.

पण उघडा ठेवायचा म्हणजे नुसता सोडून द्यायचा नाही. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण कडक झाला तरी भोकं भोकंच राहतात, पाणी पितो. तुमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पुण्याच्या चौपट, आणि तो सरळ पडत नाही, पश्चिमेकडून आडवा मारतो. जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं म्हणून त्यांनी जोतं उंच घेतलं, कौलांची वळचण भिंतीच्या चांगली पुढे काढली, पागोळी भिंतीपासून लांब पडेल अशी, आणि झडीच्या बाजूला मृगाच्या आधी झावळ्यांची झापं बांधली, पाऊस सरला की सोडली. ते झाप म्हणजे क्लॅडिंगच की, दरवर्षी नवं आणि जवळजवळ फुकट. हल्ली लोक त्याजागी निळी ताडपत्री बांधतात, ती किती वाईट दिसते यावर मी एक अख्खा लेख लिहू शकते.

तुम्ही असं करा, छप्पर अजून हातात असेल तर पश्चिमेची वळचण दोन-अडीच फूट पुढे काढा. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, नीट भरून घ्या, आत खोल आणि घट्ट, कारण पाणी चिऱ्यातून जातं त्याहून जास्त दर्जांतून जातं. मग उघड्या भिंतीला सिलेन-सिलोक्सेन नावाचं पाणी झटकणारं लिक्विड मिळतं ते मारा, ते आत मुरतं, वरून थर धरत नाही, भिंत आतली ओल बाहेर टाकू शकते. चकचकीत लॅकर अजिबात नको, पहिल्या दिवशी चिरा ओला केल्यासारखा लाल दिसतो आणि दोन पावसाळ्यांत त्याच्या मागे ओल कोंडून लोणा फुटतो, पापुद्रे सुटतात, मग घासत बसा. लिक्विड चार-पाच वर्षांनी परत मारावं लागतं. आणि भिंतीवर पाण्याची वाटी ओतून बघा, थेंब मोत्यासारखे घरंगळले तर अजून चालू आहे, भिंत काळपट पडली तर मारायची वेळ झाली.

एवढं सांगूनही भाऊ ऐकत नसेल तर निदान एक पाळा, दगड नुसत्या सिमेंटवर चिकटवू नका, डोक्याच्या वर जाणारा दगड क्लॅम्पनेच धरला पाहिजे आणि तो क्लॅम्प 316 नंबरच्या स्टेनलेस स्टीलचा. दुकानदार 304 दाखवेल, दिसायला दोन्ही सारखेच, पण 316 मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो म्हणून खाऱ्या वाऱ्याला टिकतं. 304 वर समुद्राकाठी तांबूस डाग यायला लागतात आणि ते दगडावर ओघळतात. कुंपणाचे, दिव्यांचे, कड्यांचे स्क्रू पण त्याच हिशोबाने घ्या.

पडवीत खरखरीत शहाबादी, किंवा टाइलच घ्यायची तर मॅट आणि खोक्यावर आर 11 लिहिलेली बघून घ्या. हा नंबर आर 9 पासून आर 13 पर्यंत असतो, जितका मोठा तितका पाय कमी घसरतो. आर 13 घेऊ नका, पुसताना फडक्याच्या चिंध्या होतात आणि आईंच्या शिव्या बसतात.

प्रश्न (नागपूर): गच्चीवर काळा ग्रॅनाईट घालायचा विचार आहे, रिच दिसतो. डेक घातला तर गार राहील का?

उत्तर: भाऊ, 45 डिग्रीत काळा ग्रॅनाईट! संध्याकाळी सात वाजता त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा, मग बोलू.

काळा रंग ऊन पितो आणि दगड ते रात्रीपर्यंत धरून ठेवतो, खालच्या खोलीचा कूलर रात्रभर त्याच्याशी भांडत बसतो. आपल्याकडे गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवायची चायना मोझॅक पद्धत आहे ना, ती दिसायला जुनाट वाटते पण ऊन परत फेकण्यात तिला तोड नाही, आणि ब्रिकबॅट कोब्यावर ती बसली की वॉटरप्रूफिंगलाही आधार. डेक म्हणाल तर लाकूड पायाला कमी भाजतं कारण ते उष्णता पटकन पायात सोडत नाही, डब्ल्यूपीसी मात्र भाजतं, गडद रंगाचं तर फारच. तुम्हाला माझा सल्ला पांढरी चायना मोझॅक, आणि जिथे बसता तिथे वर सावली. सावली केलीत की खाली काय आहे याने फारसा फरक पडत नाही.

प्रश्न (नाशिकहून एक काकू): मुलगा न्यू जर्सीत जुनं घर घेतोय, मागे मोठा लाकडी डेक आहे. मी सहा महिने जाणार आहे, तिथे पापड-कुरडया वाळवता येतील का? सून म्हणते डेक बदलून घेऊ.

उत्तर: काकू, तुमचा प्रश्न वाचून मी आधी हसले आणि मग म्हटलं नाही, हा फार चांगला प्रश्न आहे. डेक कधी बांधला ते मुलाला विचारा. अमेरिकेत घरांच्या डेकसाठी पूर्वी जे प्रेशर ट्रीटेड लाकूड वापरायचे त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असलेलं औषध दाबून भरलेलं असायचं, वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून. 2003 च्या अखेरीपासून घरगुती कामाला ते बंद झालं, आता आर्सेनिक नसलेली तांब्याची औषधं वापरतात. तेव्हा डेक 2004 च्या आधीचा असेल तर त्यावर खाण्याचं काही थेट टेकवू नका, कापड अंथरून सुद्धा नको, टेबल मांडा आणि त्यावर ताटात वाळवा. नातवंडं त्यावर रांगत असतील तर सून म्हणते ते बरोबर आहे. ते लाकूड जाळायचं मात्र नाही, शेकोटीला तर नाहीच नाही.

आणि मुलाला सांगा की डेक घराच्या भिंतीला जिथे जोडलाय ती आडवी फळी खाली वाकून बघ. तिथे नुसते खिळे असतील आणि जाड बोल्ट नसतील तर पार्टीच्या दिवशी माणसं वाढली की डेक तिथूनच सुटतो.

प्रश्न (ठाण्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी): बिल्डिंग रंगवण्याऐवजी दर्शनी बाजूला एसीपी शीट लावून घ्या, दर काही वर्षांनी रंग नको, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतो. मेंबरांचं निम्मं-निम्मं मत आहे.

उत्तर: मीटिंगमध्ये रंगाच्या शेड कार्डाआधी हा प्रश्न घ्या की शीटच्या पोटात काय आहे. एसीपी म्हणजे ॲल्युमिनिअमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये सारण. स्वस्तातल्या शीटमध्ये सारण असतं पॉलिथिलीनचं, म्हणजे प्लास्टिक, ते पेटतं आणि पेटत पेटत खाली ठिबकतं. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 ला आग लागली ती चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या फ्रिजपासून, पण 24 मजल्यांच्या बिल्डिंगवर ती बाहेरून चढत गेली ती याच प्रकारच्या शीटमुळे, 72 माणसं गेली. शीट आणि भिंत यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती धुराड्याचं काम करते.

लावायचंच असेल तर आग न पकडणाऱ्या खनिज सारणाची शीट, तिचं टेस्ट सर्टिफिकेट तुमच्या ऑर्डरच्या ब्रँडचं आणि ग्रेडचं, आणि दर मजल्यावर पोकळी बंद करणारे अडसर, हे तिन्ही लेखी घ्या. माल साईटवर आला की एक शीट मध्ये कापून बघा, सॅम्पलला एक आणि मालाला दुसरं हे नेहमीचं आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर राहत्या बिल्डिंगला चांगलं प्लास्टर आणि चांगला बाहेरचा रंग. मागे पाईप गळायला लागला तर शीटखाली तो सापडणार कसा? कबुतरांना मात्र त्या पोकळीत उत्तम टू बीएचके मिळतो.

प्रश्न (सातारा): अंगणातली कोटा फरशी पावसाळ्यात शेवाळाने घसरते म्हणून ॲसिड टाकून घासली, आता पांढरी-पांढरी, खडबडीत झाली. काय लावू?

उत्तर: काही लावू नका, झालं ते झालं. कोटा हा चुनखडीचा दगड, ॲसिड टाकलं की फसफसतो, म्हणजे तुम्ही मळ नाही काढला, दगडच खाल्लात. शहाबादी आणि कडाप्पाचंही तसंच. फार डोळ्यात खुपत असेल तर मशीनवाल्याला बोलवून वरचा थर घासून घ्या पण पॉलिश करू देऊ नका, अंगणात खडबडीतच बरं, पडणार तरी नाही कुणी.

पुढच्या वर्षी शेवाळाला ब्लीचिंग पावडरचं पाणी, पाऊण तास ठेवायचं, खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. आणि हे नीट वाचा, ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र कधीही नाही, एकामागोमाग एक सुद्धा नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न (कुडाळ): घरच्या बांबूची बेटं आहेत. त्याच्या कामट्या पडवीच्या बाहेरच्या बाजूने लावल्या तर चालतील का, की भुंगा खाईल?

उत्तर: कच्चा लावलात तर खाईलच, बांबूत साखर आणि स्टार्च असतो, भुंगा त्यासाठीच येतो. सकाळी खाली पिवळट पिठाची रांगोळी दिसली की समजायचं आत जेवण चालू आहे. तीन वर्षांच्या पुढचा बांबू तोडा, कोवळा नको, आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवा, पेरं आतून फोडून, म्हणजे पाणी आत जाईल. फक्त हे औषध पाण्यात विरघळतं, त्यामुळे पाऊस थेट लागला की धुऊन जातं, म्हणून कामट्या वळचणीच्या आत लावा आणि जमिनीपासून वीतभर वर सोडा. वरून काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात देतात आपल्याकडे होड्यांना वगैरे, तोही चालेल, पण हातमोजे घालून, ते तेल कातडीला भाजतं. आणि खिळ्याने ठोकू नका, चिरतो, काथ्याने किंवा तारेने बांधा. बांधलेली कामटी खराब झाली की एकटी सोडवून नवी घालता येते, बेट घरचंच आहे तुमचं.